भेट कोणाची, भाषा कोणाची?

जगभरच्या विद्यापीठांत आज ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ या नावाने जो विषय शिकवतात, त्याचा जन्म विद्यापीठात झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला एकाएकी साऱ्या जगाशी व्यवहार करण्याची वेळ आली. तेव्हा तिच्या परराष्ट्र खात्याच्या लक्षात आले की, बाहेर पाठवायच्या आपल्या माणसांना तिथल्या भाषा येत नाहीत आणि तिथल्या चालीरीती तर त्याहून कळत नाहीत. १९४६ च्या कायद्याने परराष्ट्र सेवेची फेररचना झाली आणि १९४७ मध्ये वॉशिंग्टनला ‘फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. जानेवारी १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी गरीब देशांना तांत्रिक मदत देण्याचा कार्यक्रम जाहीर केला, त्यानंतर मुत्सद्द्यांच्या जोडीला शेतीतज्ज्ञ, इंजिनिअर, आरोग्य कर्मचारीही प्रशिक्षणाला येऊ लागले. त्यांना शिकवायला मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल होते, भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ट्रेगर होते, हातवारे आणि शरीराच्या हालचाली यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करू पाहणारे रे बर्डव्हिसल होते. सुरुवातीला वर्गात मानवशास्त्राच्या पद्धतीनेच संस्कृतीची सैद्धान्तिक मांडणी होत असे. ती प्रशिक्षणार्थींना नकोशी झाली. काही आठवड्यांत परदेशी कामावर रुजू व्हायचे असलेल्या माणसाला आधी हे हवे असते की, तिथला अधिकारी आपल्याला तासभर का ताटकळत ठेवतो आणि बोलताना इतका अंगाशी का येतो. हॉल यांनी त्यांचे ऐकले आणि शिकवण्याची दिशा बदलली.

या बदलातून फार मोलाचे काही हाती आले. वेळ पाळण्याची रीत, दोघांमधले अंतर, स्पर्श, आवाजाची पट्टी या गोष्टी तोवर कोणी नीट अभ्यासल्या नव्हत्या. हॉल यांच्या १९५९ मधील ‘द सायलेंट लँग्वेज’ आणि १९६६ मधील ‘द हिडन डायमेन्शन’ या पुस्तकांनी त्यांना अभ्यासाच्या कक्षेत आणले. दुसऱ्या पुस्तकातली चार अंतरे आजही पाठ्यपुस्तकांत भेटतात: दीड फुटापर्यंत जिव्हाळ्याचे, चार फुटांपर्यंत वैयक्तिक, बारा फुटांपर्यंत सामाजिक आणि त्यापुढे सार्वजनिक. मात्र ही मापे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या, बहुतांशी मध्यमवर्गीय प्रौढांकडे पाहून काढलेली आहेत आणि ती सगळ्या मानवजातीला, किंबहुना सगळ्या अमेरिकनांनाही, लावू नयेत, असे हॉल यांनीच तिथे बजावले होते. पाठ्यपुस्तकांच्या प्रवासात हा इशारा गळून पडला आणि आकडे तेवढे टिकले.

या प्रकरणातला माझा मुद्दा त्या गळलेल्या इशाऱ्यापासून सुरू होतो. घाईतल्या प्रशिक्षणार्थींसाठी बेतलेली रीत विद्यापीठाने जशीच्या तशी उचलली, पण घाईचे कारण विद्यापीठाला नव्हते. त्यामुळे तीन-चार वर्षे हाताशी असलेल्या विद्यार्थ्यालाही आपण काही आठवड्यांची शिदोरी देत राहिलो: जपानी असे असतात, जर्मन तसे असतात, अरबांशी बोलताना हे टाळावे. विषय अत्यंत गरजेचा आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यात अभ्यासायची गोष्ट ‘जपानी माणूस’ ही नसावी. दोन माणसांची प्रत्यक्ष गाठ ही ती गोष्ट आहे. ती गाठ कुठे पडते, कोणाच्या भाषेत पडते, कोणाच्या कामासाठी पडते आणि गैरसमज झाला तर त्याची किंमत कोण मोजतो, हे तपासायला शिकवणे म्हणजे हा विषय शिकवणे.

देशांच्या स्वभावाचे कोष्टक करण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा प्रयत्न गीर्ट होफस्टेड यांचा. हे डच गृहस्थ मूळचे यंत्र-अभियंते; पुढे आयबीएम कंपनीत कर्मचाऱ्यांच्या मतांची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९६७ ते १९७३ या काळात ७० हून अधिक देशांतल्या आयबीएम कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या सुमारे १,१६,००० प्रश्नावल्या त्यांच्यापुढे होत्या. त्यांतून त्यांनी चार मोजपट्ट्या काढल्या आणि १९८० मध्ये त्या ग्रंथरूपाने मांडल्या. त्यांतली ‘सत्ता-अंतर’ ही पट्टी सर्वांत गाजली: वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातली विषमता एखाद्या समाजात कितपत गृहीत धरली जाते, याचे ते माप. भारताच्या वाट्याला ७७ गुण आले, अमेरिकेच्या ४० आणि नेदरलँड्सच्या ३८. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे आकडे आज तापमानाच्या आकड्यांइतक्या निःशंकपणे सांगितले जातात.

पण हा ७७ आला कुठून? वरिष्ठांशी मतभेद बोलून दाखवायला कर्मचारी किती घाबरतात, आपला साहेब निर्णय कसा घेतो आणि तो कसा घेणारा असावा, अशा मोजक्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून. उत्तरे देणारे एकाच अमेरिकी कंपनीचे नोकरदार. तीही अशी कंपनी, जी १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली. मेळघाटातला शेतमजूर, शिलाँगची शिक्षिका, मडगावच्या बाजारातली मासेविक्रेती यांच्यापैकी कोणीही त्या कागदावर नव्हते. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये या साऱ्या मांडणीची कठोर चिकित्सा केली आणि दाखवून दिले की, पाकिस्तानात पहिल्या फेरीत अवघे ३७ आणि दुसऱ्या फेरीत ७० कर्मचारी होते. होफस्टेड यांचे उत्तर असे की, कंपनी एक, कामाचे प्रकार तेच, शिक्षणही साधारण सारखे. मग उत्तरांत जो फरक उरतो तो राष्ट्रीयत्वाचाच. हे उत्तर ऐकायला नेटके आहे, पण जे सिद्ध करायचे तेच त्यात आधी मानून घेतले आहे. कंपनी त्या देशात किती जुनी, नोकरी गमावण्याची भीती किती, तिथल्या बाजारात दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता किती, यांतून आलेला फरकही ‘संस्कृती’च्या खात्यावर जमा होतो. होफस्टेड यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. देशाच्या सरासरीवरून एकट्या माणसाचा अंदाज बांधू नका, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. हॉल यांच्या इशाऱ्याची गत याही इशाऱ्याची झाली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. नवख्याला कुठून तरी सुरुवात करावी लागते. ठोकळ का होईना, नकाशा असणे नसण्यापेक्षा बरे. आणि तो चुकला तर अनुभवाने दुरुस्त करता येतो. अडचण अशी की, स्वभावाचे कोष्टक स्वतःची दुरुस्ती सहसा होऊ देत नाही. समोरचा माणूस कोष्टकाप्रमाणे वागला तर कोष्टक खरे ठरते; तसा वागला नाही तर तो अपवाद किंवा ‘पाश्चात्त्य वळणाचा’ ठरतो. शिवाय एकदा संस्कृतीचे उत्तर मिळाले की माणूस दुसरी कारणे शोधायचे थांबतो. हा दुसरा तोटा किती महाग पडू शकतो, हे विमान अपघातांच्या चौकशांतून फार स्पष्ट दिसते.

६ ऑगस्ट १९९७ रोजी कोरियन एअरचे बोइंग ७४७ ग्वाम बेटावर उतरताना टेकडीवर आदळले आणि २०० हून अधिक माणसे मेली. पुढे माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधील ‘आउटलायर्स’ या पुस्तकामुळे या अपघाताचे सांस्कृतिक स्पष्टीकरण जगभर पोचले: कोरियात ज्येष्ठांपुढे बोलायचे नसते, म्हणून कॅप्टनची चूक दिसूनही हाताखालच्यांनी त्याला ठामपणे अडवले नाही. सहकाऱ्यांनी कॅप्टनवर पुरेशी नजर ठेवली नाही, हे अमेरिकी चौकशी अहवालातही आहे. पण त्याच अहवालात कॅप्टनचा थकवा आहे आणि कंपनीचे अपुरे प्रशिक्षण आहे. विमान धोक्याइतके खाली आले तर जमिनीवरून इशारा देणारी यंत्रणा तिथे मुद्दाम मर्यादित करून ठेवली होती, हेही आहे. आणि ती करणारे खाते अमेरिकेचेच होते. विमानाला योग्य उतारावरून खाली आणणारी रेडिओ-यंत्रणाही त्या रात्री बंद होती. ‘कोरियन संस्कृती’ या दोन शब्दांत हे सगळे झाकले जाते.

आता याच्याजवळ दुसरा अपघात ठेवून पाहू. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो विमाने एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके बळी दुसऱ्यांदा पडलेले नाहीत. परवानगी नसताना उड्डाणासाठी धाव घेतली ती केएलएम या डच कंपनीच्या विमानाने. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही की काय, अशी शंका त्यातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती ठासून उडवून लावली आणि पुढे कोणी काही बोलले नाही. तो कॅप्टन कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. सत्ता-अंतराच्या पट्टीवर ३८ गुण मिळवणारा, साहेबाशी वाद घालणाऱ्यांचा म्हणून नावाजलेला हा देश. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान इंधन संपून कोसळले. इंधन उतरत चालल्याचे कॉकपिटमधल्या सहकाऱ्यांना दिसत होते, पण कॅप्टनला खडबडून जागे करील असे त्यांनी काही म्हटले नाही. मग अमेरिकी मौन कोणत्या संस्कृतीचे? वैमानिकी क्षेत्राने या प्रश्नात वेळ घालवला नाही, याचे मला कौतुक वाटते. १९७९ मध्ये नासाने याच प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने सगळ्या चमूला एकत्र शिकवायला घेतले: कनिष्ठाने शंका कशी मांडायची, ती ऐकणे हा कॅप्टनच्या कौशल्याचा भाग कसा आहे. टेनेरिफनंतर रेडिओवरची ठरीव वाक्येही बदलली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरताच राखून ठेवला गेला. कोणाचाही राष्ट्रीय स्वभाव न बदलता संवादाची घडी बदलता आली, आणि तीच उपयोगी पडली.

प्रत्यक्ष संवादाकडे इतक्या बारकाईने पाहायचे तर त्याचे शास्त्र लागते. ते उभे करण्यात जॉन गम्पर्झ यांचा वाटा मोठा आहे. १९२२ मध्ये जर्मनीत ज्यू कुटुंबात जन्मलेले, नाझी राजवटीमुळे देश सोडून १९३९ मध्ये अमेरिकेत पोचलेले, १९५० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या खालापूर गावात राहून तिथली बोली अभ्यासणारे आणि पुढे बर्कलेला अध्यापन करणारे हे भाषाशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये साउथॉल परिसरात, स्थलांतरित कामगारांना कामापुरते इंग्रजी शिकवणाऱ्या टॉम जप आणि सीलिया रॉबर्ट्स यांच्याबरोबर त्यांनी काम केले. त्यातून १९७९ मध्ये बीबीसीवर ‘क्रॉसटॉक’ हा माहितीपट आला. त्या काळातले त्यांचे एक निरीक्षण या विषयातले आदर्श उदाहरण म्हणून मी पुढे करीन. लंडनच्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने वाढपाच्या कामावर लागल्या होत्या. त्या उर्मट आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार होती. त्या बोलत फारच थोडे, म्हणून तज्ज्ञांनी ते थोडे बोलणेच टेप केले. मांसाचा पदार्थ घेणाऱ्याला वाढणारीने रस्सा हवा का, हे विचारायचे असे. इंग्रज वाढपी ‘ग्रेव्ही?’ म्हणताना सूर वर नेत. या बायका तोच शब्द सूर खाली आणत म्हणत. त्यांच्या कानाला तो नेहमीचा सभ्य प्रश्न होता. इंग्रजांच्या कानाला तो प्रश्नच वाटत नव्हता. ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या, असे कोणी तोंडावर फेकल्यासारखे वाटत होते. टेप दोन्ही बाजूंना ऐकवल्या गेल्या. सुरुवातीला बायकांना दोन उच्चारांत फरकच जाणवेना. तो उलगडल्यावर, आपल्याशी लोक इतके दिवस असे का वागत होते याचा एक धागा त्यांच्या हाती आला, आणि वरिष्ठांनाही आपण उद्धटपणा कुठे ऐकत होतो ते उमगले.

या उदाहरणाने दुसऱ्या एका नेहमीच्या आक्षेपाला परस्पर उत्तर मिळते. आता साऱ्या जगाला इंग्रजी येते, तेव्हा या अभ्यासाची निकड संपली, असे म्हटले जाते. कॅन्टीनमधला सगळा व्यवहार इंग्रजीतच होता आणि शब्द तर एकच होता. भाषा समान असते तेव्हा गैरसमज अधिक खोल रुततो, कारण समोरच्याला भाषा येत नाही ही सवलत आपण त्याला देत नाही; त्याचा सूर आपण थेट त्याच्या स्वभावाचा पुरावा मानतो. शिवाय इथे भारतीयांचे सत्ता-अंतर ७७ आहे हे माहीत असून कोणाचा काय फायदा झाला असता? त्या पट्टीप्रमाणे या बायका अधिक नम्र असायला हव्या होत्या. तक्रार नेमकी उलटी होती.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो बाहेरून आलेला नाही, विषयाच्या आतूनच आला आहे, आणि त्याच्या कर्त्यांत महाराष्ट्राच्या राजकारणाचे अभ्यासक म्हणून मराठी वाचकांतही परिचित असलेले, कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाचे जयंत लेले आहेत. राजेंद्र सिंह आणि गीता मार्टोहार्जोनो यांच्यासह त्यांनी १९८८ मध्ये ‘लँग्वेज इन सोसायटी’ या नियतकालिकात गम्पर्झ यांच्या पद्धतीवर टीका केली. तिचा गाभा माझ्या शब्दांत असा: गैरसमज झाला असे म्हणताना आपण सत्तेचा प्रश्न बाजूला सारतो. बहुसंख्याकांची बोलण्याची रीत हाच नियम ठरतो, स्थलांतरिताची रीत ही त्यातली चूक ठरते आणि जुळवून घेण्याचे सारे ओझे आधीच दुबळ्या असलेल्या बाजूवर येऊन पडते. कॅन्टीनकडे या नजरेने पुन्हा पाहिले, तर प्रश्न उभे राहतात. सूर बदलायचा तो कोणी? उर्मटपणाची तक्रार कोणाची ऐकली गेली, आणि आपल्याला वेगळी वागणूक मिळते असे त्या बायकांना वाटत होते, त्याची दखल कोणी घेतली? वंशद्वेष असेल तिथे सूर सुधारून तो जात नाही.

ही टीका मला पटते, पण ती जिथे अभ्यासच गुंडाळायला सांगते असे काहींना वाटते, तिथे मी तिच्याबरोबर जात नाही. मुलाखतीत एखाद्याला नाकारले ते त्याच्या कातडीच्या रंगामुळे की त्याच्या उत्तराची रचना परीक्षकाला अपरिचित वाटली म्हणून, हे टेप ऐकल्याशिवाय सांगता येत नाही; आणि पुष्कळदा ही दोन कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. गैरसमजाला सबब म्हणून पुढे करणाऱ्याचे पितळ उघडे पाडायलाही बारीक पुरावाच लागतो. साउथॉलच्या मंडळींनीही तोच मार्ग धरला. रॉबर्ट्स आणि जप यांनी एव्हलिन डेव्हिस यांच्यासह १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे नावच ‘लँग्वेज अँड डिस्क्रिमिनेशन’ आहे: भाषा आणि भेदभाव. टीकेने विषय खोडला गेला नाही, त्याची व्याप्ती वाढली. ज्या अभ्यासक्रमात गम्पर्झ आहेत पण लेले नाहीत, तो मला अर्धा वाटतो.

भिन्न भाषांचे लोक एकत्र राहायला लागले की काय होते, याचे जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवले जाणारे एक उदाहरण सांगली जिल्ह्यातले आहे. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये कुपवाडवर निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा ते सुमारे तीन हजार वस्तीचे गाव होते. जमीनदार जैन आणि कारागीर लिंगायत घरी कन्नड बोलत, मुसलमान कुटुंबे उर्दू बोलत, भूमिहीन आणि त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजांत मराठी होती आणि दोर वळणाऱ्यांच्या मोजक्या घरांत तेलुगू. बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा येत. शतकानुशतकांच्या या सहवासात भाषांचे व्याकरण इतके जवळ आले होते की, एका भाषेतल्या वाक्याचा घटक उचलून त्या जागी दुसऱ्या भाषेतला घटक ठेवला की वाक्य तयार होई, असे या दोघांचे म्हणणे. प्रमाण मराठीत नदी स्त्रीलिंगी आणि डोंगर पुल्लिंगी. कन्नडमध्ये लिंगभेद मुख्यतः माणसांपुरता असतो आणि बाकीचे जग नपुंसकलिंगी. कुपवाडची मराठी कन्नडच्या या वळणावर गेलेली त्यांना आढळली. शब्दसंपत्ती मात्र ज्याची त्याने सांभाळली होती. घरातली भाषा जातीची आणि धर्माची ओळख होती. ती सोडणे म्हणजे आपली वेगळी जागा सोडणे. गटागटांमधल्या व्यवहाराला मराठी चाले, कारण ती गावातल्या बड्या जमीनदारांची घरची भाषा नव्हती आणि त्यामुळे कोणालाही कमीपणा न देता वापरता येत होती.

कोष्टकवाद्यांना कुपवाडचे काय करायचे ते सुचणार नाही. हे गाव कोणत्या रकान्यात बसवायचे? इथे लोकांनी परस्परांना समजून घेण्याची विलक्षण यंत्रणा उभी केली आणि त्याच वेळी जातीच्या भिंती शाबूत ठेवल्या. उत्तम संवाद आणि खोल विषमता शेजारी शेजारी नांदू शकतात, ही गोष्ट संवाद सुधारला की समाज सुधारेल असे मानणाऱ्यांनी मनावर घ्यावी इतकी गंभीर आहे. कुपवाडची गोष्ट १९७१ मध्ये थांबलेलीही नाही. डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चार दशकांनी तिथे पुन्हा अभ्यास केला आणि घटकाला घटक बदलून वाक्य होते या मांडणीची कसून फेरतपासणी केली. मधल्या काळात भाषावार राज्यरचना पक्की झाली होती, मराठी शाळेतून शिकलेल्या पिढ्या आल्या होत्या, आणि शेतीचे ते गाव औद्योगिक वसाहत होऊन सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत सामील झाले होते. प्रसिद्ध उदाहरणसुद्धा पुन्हा जाऊन तपासायचे असते, हे शिकवायला याहून चांगला धडा नाही.

दुसऱ्या समाजाचा अभ्यास करण्याइतकी भाषा शिकायची तर ती कशी, याचाही नमुना महाराष्ट्रात घडला आहे. रशियाच्या स्पुटनिकने हादरलेल्या अमेरिकेने १९५८ च्या कायद्यान्वये परकीय भाषांच्या शिक्षणाला पैसा दिला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’चे पहिले ठाणे पुण्यात डेक्कन कॉलेजात होते. भारताला विकलेल्या अमेरिकी गव्हाचे पैसे रुपयांत साचत, त्यांतून १९६० च्या दशकात मराठी पुस्तके अमेरिकी ग्रंथालयांत गेली. या साऱ्यामागे शीतयुद्धाचे हिशेब होते आणि ते लपवायचे कारण नाही. पण त्या सोयीचा लाभ घेऊन आलेल्यांपैकी काहींनी त्या हिशेबांपलीकडचे काम केले. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार समाजाच्या चळवळीवर प्रबंध लिहिला. पाश्चात्त्य विद्यापीठांत दलित चळवळीचा गंभीर अभ्यास उभा राहण्यात त्यांचा मोठा हात आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतल्या भेदांवर प्रबंध केला, जाई निंबकर यांच्याबरोबर मराठी शिकणाऱ्यांसाठी व्याकरण आणि कोश तयार केले आणि पुढे फलटणलाच राहून शाळा उभी केली. ‘भारतीय समूहवादी असतात’ या वाक्याने यांतले काहीही हाती लागले नसते. मराठी येत होती म्हणून त्यांना हे दिसले की, ‘मराठी संस्कृती’ असे एकसंध काही समोर नाही. पेठेतली आणि महारवाड्यातली मराठी वेगवेगळे जग सांगते.

झेलियट आणि बर्नसन यांनी आयुष्ये घातली, बी.ए.च्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत काय करावे, असे कोणी विचारील. भाषेच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: पाच देशांची ओळख करून देणाऱ्या पाच पेपरांपेक्षा एका भाषेत वाद घालता येईल इतकी तयारी जास्त मोलाची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकण्याची सोय आहे आणि तिथे शिकणारे पुष्कळ आहेत. पण त्या वर्गातला भाषेचा अभ्यास आणि व्यवस्थापनाच्या वर्गातला आंतरसांस्कृतिक संवाद एकमेकांना भेटत नाहीत. ते भेटवले पाहिजेत. दुसरे असे की, प्रत्यक्ष संवाद अभ्यासायला परदेशी जावे लागत नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात झारखंडहून आलेला बांधकाम मजूर आणि मराठी डॉक्टर, हिंजवडीच्या कंपनीतला तंत्रज्ञ आणि फोनवरचा जर्मन ग्राहक, पणजीच्या कार्यालयात कोंकणी बोलणारी म्हातारी आणि इंग्रजीत फॉर्म देणारा कारकून, यांच्यात रोज तेच घडते जे त्या विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये घडत होते. विद्यार्थ्याने दोघांची संमती घेऊन असा दहा मिनिटांचा संवाद ध्वनिमुद्रित करावा आणि थांबे, सूर, अर्धवट तुटलेली वाक्ये यांसह तो कागदावर उतरवावा. या कामाला किती वेळ लागतो ते केल्यावरच कळते, आणि तो लागलाच पाहिजे. मग दोघांना वेगवेगळे गाठून, कुठे काय समजलात, हे विचारावे. त्या भेटीत ‘नाही’ म्हणण्याची मुभा कोणाला होती आणि काम अडले तर परतीचा हेलपाटा कोणाला पडला, हेही त्यात नोंदवावे. परीक्षकाने गुण द्यायचे ते या उताऱ्याला आणि त्याच्या विवेचनाला. शेवटी तो उतारा दोन्ही बाजूंना वाचून दाखवावा. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या प्रबंधात छापाव्यात आणि त्या दुरुस्त्यांनाही गुण असावेत.